चौथ्या वाफ्याचं मीठ

नाना, तुमची खुरपी आणि छत्री कॉलेजातच राहिली आहे, असा तुमच्या बायकोनं, अक्कांनी, सोनगीरहून निरोप धाडला होता. म्हणून मी बागेतली अवजारांची खोली उघडली. तुम्ही जाऊन पाच दिवस झाले होते. त्या खोलीत दोन वर्षांत कुणी गेलं नव्हतं, कडी गंजून बसली होती. खुरपी लगेच सापडली. छत्री शोधताना गोणपाटांच्या मागे तेलाचा एक पत्र्याचा डबा हाताला लागला. झाकण पक्कं बसवलेलं. बियाणं असेल असं मी समजलो. तुम्हाला बी जपून ठेवायची सवय होती.

आत पुड्या होत्या. वैद्याच्या पुडीसारख्या घड्या घातलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. वरच्या पुडीवर माझं अक्षर होतं. 'वाफा चौथा', आणि खाली तारीख. तिच्याखाली 'वाफा तिसरा'. तिच्याखाली 'वाफा दुसरा'. एक फोडून मी जिभेला लावलं. मीठ. दर सोमवारी सकाळी तराजूवर तोलून, चिठ्ठी लिहून मी ज्या पुड्या तुमच्या हातात दिल्या, त्या सगळ्या त्या डब्यात होत्या. काहींना ओल सुटून शाई पसरली होती, पण फोडलेली एकही नव्हती.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो, आता तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. मला राग आला. वाटलं, या माणसानं मला फसवलं. मग वाटलं, हा डबा एक दिवस मला सापडावा म्हणूनच तुम्ही इथे ठेवला असणार. मग वाटलं, नाही, कुणालाच सापडू नये म्हणून ठेवला. खोलीच्या उंबऱ्यावर बसून मी बराच वेळ मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेत होतो. तुमच्यावर संशय घ्यायची मला सवयच लागलेली होती, नाना. तुम्ही गेल्यावरही ती सुटली नाही.

कारण तो डबा खरा असेल, तर दोन गोष्टी खोट्या ठरतात. तुम्ही मीठचोर होतात ही एक, आणि माझ्या नावापुढची एम.फिल. ही दुसरी.

आपण दोघांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकाच दिवशी. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, मी चोवीस वर्षांचा. आपल्या धुळ्याच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची सहल कोकणात गेली होती. मी नुकताच डेमॉन्स्ट्रेटर झालो होतो, तोही तात्पुरता, आणि तुम्ही बागेचे माळी म्हणून वनस्पती दाबायच्या फळ्या उचलायला बरोबर होतात. मुलं तुम्हाला चिडवत होती, "नाना, धोतर वर करा, पोहायचं आहे." तुम्ही म्हणालात, "पांझरानं गुडघाभर पानी दखी घाबरतस तुम्ही, अठे काय पव्हशात!" मग एकटेच पुढे गेलात, ओंजळभर पाणी तोंडात घेतलंत आणि थुंकलात. "आरे बाप! कोनी टाकं इतलं मीठ?" अख्खी सहल हसली. मीही हसलो, पण जरा बेतानं, कारण मीही ओंजळ भरायच्याच बेतात होतो.

तिथेच ती वेल पाहिली. लाटा जिथे थांबतात त्याच्या थोडं वर, तापलेल्या वाळूवर पसरलेली. पानं आपट्याच्या पानासारखी मधे खाच असलेली, पण जाड, तुळतुळीत. जांभळी, कर्ण्याच्या आकाराची फुलं, ऊन चढलं की मिटणारी. दोरासारखे लांब धुमारे वाळूवरून धावत गेलेले, आणि प्रत्येक पेराला खाली मुळं उतरलेली. वाळू उडून अंगावर बसली की वेल तेवढी वर सरकते आणि पुन्हा मुळं टाकते. ती वाळूला धरून ठेवते, म्हणून वाऱ्यानं किनारा उडत नाही. तिथल्या माणसांनी नाव सांगितलं, मर्यादवेल. समुद्र हिच्यापर्यंतच येतो, पुढे येत नाही.

मी वहीत लिहून घेत होतो. तुम्ही काय करत होतात? वेलीचा देठ मोडून चावत होतात. मग तिच्या मुळाशी हातानं कोपरभर खड्डा खणलात, तळाची ओली वाळू चिमटीत घेतलीत आणि तीही जिभेवर ठेवलीत.

"भाऊ, हाई येल खारी नही शे."

"असं कसं होईल, नाना? समुद्राच्या काठची वनस्पती आहे ही."

"खालनी रेती भी खारी नही. समुद्रनं पानी ती पेसच नही. पाऊसनं पेस. वरतून खारं सोसस फक्त."

मी तुम्हाला सांगितलं की पुस्तकात या वनस्पतीला क्षारसह म्हटलं आहे. शब्दाचा अर्थ तुम्ही विचारलात. मी सांगितला, 'मीठ सोसणारी.' तुम्ही म्हणालात, "मंग तेच ते सांगी ऱ्हायनू मी." मला ते उद्धटपणाचं वाटलं. सोसणं आणि लागणं यातला फरक एका माळ्यानं मला समुद्रावर समजावला होता, आणि मी तो वहीत लिहिला नाही. माझी वही अजून आहे. त्या दिवसाच्या पानावर तापमान आहे, वाऱ्याची दिशा आहे, पानांची लांबी-रुंदी आहे. तुम्ही नाही.

ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण धुमारे आणले. परतीच्या बसमध्ये तुम्ही ते मांडीवर घेऊन बसला होतात आणि प्रत्येक थांब्यावर पाणी शिंपडत होतात. विभागप्रमुखांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "देशमाणसा, हा विषय घे एम.फिल.ला. आपल्याकडे नवाच आहे." मला ते 'देशमाणूस' म्हणत, कारण मी नरडाण्याकडच्या खेड्यातला. कापूस वेचणाऱ्या आईबापाचा, घरातला पहिला पदवीधर. एम.फिल. झालं की नोकरी पक्की होणार होती. आमच्या घरात पक्की अशी तोवर एकच गोष्ट होती, ती म्हणजे सूर्य उगवणं.

वाफे तुम्हीच बांधलेत. चार विटांचे वाफे, आपल्या पांझरा नदीची वाळू चाळून भरलेली. बागेची काळी माती पाणी धरते आणि त्यात मर्यादवेलीची मुळं कुजतात, इतकं आपल्या दोघांनाही मान्य होतं. ऊन भरपूर हवं, पाणी निचरून जायला हवं, हेही मान्य. भांडण तळावरून झालं.

"तळाला विटा बसवा," मी म्हणालो.

"खाले वाट ठेवा पानीले."

"पाणी गेलं तर त्याच्याबरोबर मीठ जाईल. मग मोजमाप कशाचं?"

"समुद्रना तळले कोनी विटा बसाडेल शेत का?"

प्रयोगशाळेतला शिपाई फिसकन हसला. मी म्हणालो, "नाना, प्रयोग माझा आहे." तुम्ही विटा बसवल्यात. मी तुमच्याशी नेहमी शुद्ध बोलायचो. घरी आईशी जी बोली बोलत होतो तीच तुम्ही बोलत होतात, आणि तुमच्या तोंडून ती ऐकली की मला भीती वाटायची, कुणाला कळेल, हाही त्यातलाच. तुमच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत मात्र मी दोन वर्षं खाल्लं. तुम्ही झाकणात माझा वाटा आधी काढायचात आणि पाठ वळवून बसायचात, म्हणजे मला घेताना लाज वाटू नये. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस मला एवढं का देतो? याला माझ्याकडून काय हवं? असा होतो मी. ज्याला कुणी फुकट काही दिलेलं नाही, त्याला पहिली भाकरी मिळाली की तो आधी ती उलटी करून पाहतो.

पहिला वाफा बिनमिठाचा, तुलनेसाठी. दुसऱ्यात थोडं मीठ, तिसऱ्यात जास्त, चौथ्यात सर्वांत जास्त. पहिला महिनाभर मी स्वतः झारीत विरघळवून घातलं. चौथ्या वाफ्याची पानं कडेनं पिवळी पडली, मग करपली. तिसराही मलूल झाला. मग माझे सकाळचे प्रात्यक्षिकांचे तास वाढले आणि मी पुड्या करून तुम्हाला द्यायला लागलो. त्यानंतर तीन आठवड्यांत चारही वाफे हिरवेगार झाले. मी प्रबंधात लिहिलं, 'सुरुवातीच्या धक्क्यानंतर वेल क्षारांना सरावली.' किती छान वाक्य होतं ते. मार्गदर्शकांनी त्याच्याखाली रेघ ओढली होती.

आणि आता मी तुम्हाला सगळ्यांत अवघड गोष्ट विचारतो. पहिल्या महिन्यानंतर चारही वाफ्यांत मीठ पडलंच नसेल, तर माझ्या तक्त्यांत तिसरा वाफा सर्वांत चांगला का आला? आकडे आहेत. टाईप केलेले आहेत. आठवड्यागणिक आहेत.

डबा सापडल्यापासून मी हेच धरून बसलो होतो. मनात म्हणत होतो, बघा नाना, फरक तर पडला होता. म्हणजे मीठ पडलंच असणार. म्हणजे या पुड्या दुसऱ्याच. म्हणजे तुम्ही नंतर कधीतरी माझ्या चिठ्ठ्या जमवून, त्यात मीठ भरून ठेवलं असणार. इतकं मी रचलं. मग तुमचं एक वाक्य आठवलं. मी वाफ्यात उकिडवा बसून दोरीनं वेल मोजत होतो आणि तुम्ही पाणी घालता घालता म्हणालात, "भाऊ, अठे तुम्ही लांबी येल मोजतस. त्या वाफामा आखूड मोजतस. असं कसं?"

मी म्हणालो होतो, "नमुना निवडायची पद्धत असते, नाना."

पद्धत नव्हती. तिसरा वाफा चांगला येणार असं मी आधीच मनाशी धरलं होतं, कारण पुस्तकातून मला तसं वाटत होतं. तिथे बसलो की माझा हात लांब धुमाऱ्याकडे जायचा. पहिल्या वाफ्यात बसलो की जवळचा मिळेल तो. मी खोटे आकडे लिहिले नाहीत, देवाशपथ. मोजला तो प्रत्येक धुमारा तेवढाच लांब होता. पण कुठला मोजायचा ते मी ठरवत होतो, आणि मला ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. तुम्ही एकदाच बोललात. नंतर बोलला नाहीत, कारण त्या दिवशी मी तुमच्याकडे कसं पाहिलं ते मला आठवतं.

मग ती सकाळ आली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उभा होतो. तुम्ही वाफ्यापाशी होतात. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि काहीतरी बंडीच्या आतल्या खिशात सरकवलंत. पांढरं. घडी घातलेलं.

ती पुडी होती हे मला दिसलं, नाना. आज मी हे पहिल्यांदा लिहितो आहे. मला दिसलं. पण पुडी खिशात गेली असं म्हटलं, तर वाफ्यात मीठ पडत नव्हतं असं म्हणावं लागलं असतं, आणि प्रबंध तर टाईपिंगला गेला होता. म्हणून मी स्वतःला सांगितलं, हा भांडारातल्या पोत्यातलं मीठ घरी नेतो. पोतं जरा लवकर खाली झाल्यासारखंही वाटायला लागलं. संशय घ्यायचाच म्हटल्यावर पोतंसुद्धा साक्षीला उभं राहतं.

विभागप्रमुखांना मी एवढंच म्हणालो, "सर, मी आरोप करत नाही. फक्त लक्ष असू द्यावं." त्यांनी लगेच तुम्हाला बोलावलं. मी तिथेच होतो.

"नाना, पोत्यातलं मीठ नेलं का तुम्ही?"

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. एवढंच पाहत होतात की मी काही बोलतो का. मी खिडकीबाहेर कडुनिंबाकडे पाहत होतो. मग तुम्ही म्हणालात, "चूक व्हई गयी, साहेब."

कुठली चूक ते त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. एक शब्द पुरला असता. 'पुडी' म्हणाला असतात तरी पुरलं असतं.

नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती म्हणून तुम्हाला काढलं नाही. बागेतून हलवलं. माठ भरायचे आणि तासांची घंटा द्यायची. अवजारांच्या खोलीची चावी काढून घेतली. त्या दिवसापासून तुम्ही मला 'भाऊ' म्हणणं सोडलंत. 'सर' म्हणायला लागलात, तेही अगदी व्यवस्थित, शुद्ध मराठीत. "सर, तास संपला." मला वाटायचं, टोमणा मारतो आहे म्हातारा. कदाचित मारतही नसाल. आता कोण सांगणार?

बागेत दुसरा माणूस आला. अवजारं तो प्रयोगशाळेतच ठेवायचा, तुमची खोली बंदच राहिली. सरळ माणूस. चिठ्ठीत लिहिलं तसं करणारा. मौखिक परीक्षेला वाफे दाखवायचे म्हणून मी पुड्या देत राहिलो आणि तो त्या इमानानं घालत राहिला. आधी चौथा वाफा वाळला. मग तिसरा. मग दुसरा. किनाऱ्यावर पावसानं मीठ धुऊन निघतं. माझ्या विटांच्या वाफ्यात ते कुठे जाणार? साठत गेलं. बिनमिठाचा पहिला वाफा तेवढा जूनपर्यंत फुलं देत राहिला. सगळं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर पसरलेलं होतं, जांभळ्या फुलांसकट. मी परीक्षकांना म्हणालो, "यंदा उन्हाळा फार कडक होता. पहिल्या वाफ्यावर कडुनिंबाची सावली येते." परीक्षकांनी मान डोलावली. धुळ्याच्या उन्हाळ्यावर कुणीही विश्वास ठेवतो.

एम.फिल. झालं. नोकरी पक्की झाली. शाल-नारळ देऊन सत्कार झाला. सभा संपल्याची घंटा तुम्ही दिलीत. घंटा देऊन झाल्यावर दारात थांबलात आणि माझ्या वडिलांना हात जोडलेत. वडील तुमच्याशी आमच्या बोलीत बोलायला लागले, कापसाचं, पावसाचं. मी दुरून पाहत होतो आणि मनात एकच होतं, हा आता बापाला काही सांगेल का? तुम्ही काय सांगितलंत ते मी घरी गेल्यावर विचारलं. वडील म्हणाले, "म्हने, तुम्हना पोऱ्या भलता मेहनती शे."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

तुमच्या दहाव्याला, गंधमुक्तीला, मी सोनगीरला तुमच्या गावी आलो होतो. मांडवात भाऊबंद, शेजारी, कॉलेजातले तीन-चार जण. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. डबा सापडून पाच दिवस झाले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना अत्यंत प्रामाणिक होते. त्यांच्या जाण्यानं आमच्या विभागाची हानी झाली आहे." मागून कुणीतरी हलकेच खोकलं. मग दुसऱ्या कुणीतरी. मला कळलं, गोष्ट सोनगीरपर्यंत पोचलेली आहे. महामार्गावरचं गाव. धुळ्यातलं काय पोचत नाही तिथे? कॉलेजातल्या माणसानं 'प्रामाणिक' म्हटलं, तर मांडवाला ती थट्टा वाटली. मी खाली बसलो.

त्यानंतर आठ दिवस मी त्या डब्याकडे जाऊन बघून परत यायचो. शेवटी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पहिल्या महिन्यानंतर प्रयोगात मीठ घातलं गेलं नव्हतं, मोजमापात माझ्याकडून निवड झाली, निष्कर्ष मागे घेतो. विभागप्रमुखांना प्रत दाखवली. ते चष्मा काढून म्हणाले, "कुणी विचारलंय का तुला? माणूस गेला, वेल गेली. एका माळ्याच्या पुड्यांवरून स्वतःच्या भाकरीवर पाय देतोस?" मी म्हणालो, "सर, भाकरी त्यांचीच खाल्ली आहे." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पत्र मी रजिस्टर्ड डाकेनं टाकलं. नोकरीचं काय होईल ते ठाऊक नाही. घरी अजून सांगितलेलं नाही.

मग मी डबा आणि खुरपी घेऊन सोनगीरला गेलो. अक्का ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि उघडला. काय आहे ते सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. एक पुडी हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती तोलत राहिल्या.

"माले वाटनं व्हतं, हाई नेतसच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ. कॉलेजमा बोंब व्हयनी तवय मी भी त्यासना डबा हुंगी दखा. बंडी झटकी दखी. घरमा मीठ तर काही दखायनं नही. मंग वाटनं, कोनले देतस? कोठे देतस?" त्यांनी पुडी परत डब्यात ठेवली. "दोन वरीस मी त्यासले इचारं नही. ते भी सांगेत नही. एक ताटमा जेवनूत आम्ही."

नाना, मी तुमच्या घरात काय पेरून ठेवलं होतं ते मला त्या ओट्यावर कळलं. तिथवर कुठलाच खारा वारा आपणहून पोचला नसता. मी पोचवला.

त्यांनी मला चिठ्ठ्या वाचायला लावल्या. सगळ्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून एकेक पुडी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "वाची दखाड." मी वाचायचो, वाफा चौथा, तारीख. वाफा तिसरा, तारीख. माझंच अक्षर, माझाच आवाज. त्यांना त्यात काय ऐकायचं होतं ते मला कळेना. मधेच त्यांनी विचारलं, "ते का बरं बोलनात नही?"

मी सांगितलं की तुम्ही बोलला असतात तर माझी पदवी गेली असती. त्यांनी माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुनाकरता?" आणि जरा वेळानं, "का त्या येलकरता?"

हाच प्रश्न मीही तुम्हाला विचारतो आहे. वेल मरू नये म्हणून तुम्ही मीठ टाकलं नाहीत, हे मला पटतं. पण पुड्या फेकून का दिल्या नाहीत? मातीत पुरल्या असत्यात तर कुणाला कळलं नसतं. तारखेनिशी जपून का ठेवल्यात? मला एक दिवस दाखवायच्या होत्या का? मी विचारेन, याची वाट पाहत होतात का? की ते मीठ आपलं नाही, दुसऱ्याचं आहे, म्हणून ठेवलंत, इतकं साधं होतं? मला जे सर्वांत साधं वाटतं त्यावरच माझा विश्वास बसत नाही. शिकलो ते हेच शिकलो बहुतेक.

चिठ्ठ्या संपल्यावर अक्का उठल्या आणि ओट्याच्या कडेशी जाऊन हाका मारायला लागल्या. समोरच्या घरातले आबा आले, तुमचे धाकटे भाऊ आले, शेजारच्या दोघी जणी आल्या. तांबटाच्या दुकानातली ठोक थांबली आणि तोही हातात हातोडी घेऊनच आला. गंधमुक्तीला खोकलेले त्यात असणार. कुणी ते मला ओळखता आलं नाही.

"सांग आते," अक्का म्हणाल्या. "मांडवमा सांगं तसं नको सांगू."

मी सांगितलं. पहिल्यांदाच तुमच्या माणसांसमोर आपल्या बोलीत सांगितलं, अडखळत, कारण इतक्या वर्षांत मी तिच्यात कधी कुठली कबुली दिली नव्हती. मीठ कसलं, वेल कुठली, पुडी खिशात जाताना मी कशी पाहिली, आणि कडुनिंबाकडे कसा बघत राहिलो. आबांनी एक पुडी फोडली, चिमूट जिभेवर ठेवली, मान हलवली. पुडी पुढे गेली. प्रत्येकानं चाखलं.

"म्हंजे नाना चोर नही व्हता," आबा म्हणाले.

"नही, आबा."

"मंग कोन व्हता?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या खाली सांडलेली तूर वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तुम्ही असतात तर पटकन काहीतरी बोलून मला सोडवलं असतंत, चूक व्हई गयी म्हणाला असतात. अक्कांनी सोडवलं नाही. सगळे थांबले होते.

"मी," मी म्हणालो.